आधी नदीला, मग गाडीला

मैनाबाई अकोल्याला निघाली त्या दिवशी भातकुलीत कुणीही तिला ‘कुठं चालली’ म्हणून विचारलं नाही. एरवी कुणाची शेळी हरवली तरी अर्धा गाव चौकशीला धावायचा. पण सहदेव गेल्यापासून मैनाबाई दिसली की विहिरीवरच्या बाया घाईघाईनं घागरी उचलत, आणि पारावरचे गडी मान खाली घालून पायातला काटा शोधायला लागत. तिनं त्याचा एकच अर्थ लावला होता. गाव बोलत नाही, म्हणजे गाव तिच्या पोराला दोष देतं. हे मनात घेऊन तिनं पुरतं वर्ष काढलं, आणि आता तिला राहवत नव्हतं.

ती सालंच न्यारी होती. सातासमुद्रापलीकडं गोऱ्यांची आपसांत जुंपली, तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला, आणि इकडं वऱ्हाडातल्या माणसांची डोकी फिरली. ज्यानं जन्मात पायात जोडा घातला नव्हता तो जरीचा रुमाल बांधून शेतावर जायला लागला. ज्वारी पेरणाऱ्याकडं लोक कीव केल्यासारखं पाहत. खायचं काय, हा प्रश्न कुणाला पडत नव्हता, कारण कापसाला रोज नवा भाव निघत होता. आगगाडीचे रूळ अजून वऱ्हाडात पोचायचे होते, म्हणून सगळा माल बैलगाड्यांवर लादून अकोल्यावरून भुसावळच्या अंगाला न्यावा लागे. एवढ्या लांबच्या वाटेवर एवढा महागाचा माल म्हटल्यावर त्याच्या काळजीचाही धंदा उभा राहिला. त्याला म्हणत विमा.

अकोल्याच्या देवीदास शेठची पेढी विमा घ्यायची. तिचा माणूस अमरावतीच्या बाजारात गादी टाकून बसे आणि छापील कागदावर नाव घालून देई. वाटेत आग लागली, माल पाण्यात गेला, चोरांनी लुटला, तर पेढी भरून देईल, असं त्यावर असे. तळाला बारीक अक्षरांत आणखी एक ओळ असे, की गाडीवानाच्या हयगयीनं नुकसान झालं तर मागणं चालणार नाही. ती ओळ कुणी वाचत नसे. कागद वाचता येणारी माणसं भातकुलीत होती तरी किती!

सहदेव मैनाबाईचा एकुलता एक. बायको पहिल्या बाळंतपणातच गेलेली, त्यामुळं घरात मायलेक दोघंच. स्वभावानं असा, की शेजाऱ्याची गाय व्यायली तरी हा रात्रभर गोठ्यात. नऊ घरांनी आपली रुई त्याच्या भरवशावर त्याच्या दोन गाड्यांत भरली होती. अमरावतीहून तो कागद घेऊन आला तेव्हा मैनाबाई चुलीपुढं बसली होती.

“इमा म्हंजे काय रे बापा?” तिनं विचारलं.

“वाटंत काई झालं तं शेठ भरून देते, वं माय. साऱ्याइले सांगतलं म्या, बिनघोर राहा.”

“आन् मानसाचं?”

सहदेव हसला. “मानसाचा नसते इमा. रुईचा असते.”

माणसाची काळजी मग मैनाबाईनं आपल्या पद्धतीनं घेतली. सहदेवचा बाप गावाजवळच्या पेढी नावाच्या नदीच्या पुरात गाडीसकट वाहून गेला होता. त्या दिवशी तो घाईत होता, नदीला कापूर न दाखवताच त्यानं बैल पाण्यात घातले होते, आणि मैनाबाईच्या लेखी दुसरं काही कारण नव्हतं. तेव्हापासून सहदेव गाडी जुंपायला लागला की ती त्याच्या कमरेच्या कशात, त्या लहानशा पिशवीत, कापराची पुडी बांधायची आणि तेच ते बोलायची, “आधी नदीले दाखोव, मंग गाडीले ओवाळ.” सहदेव तिची नक्कल करत तेच म्हणून दाखवायचा. पण करायचा.

फाल्गुनातली गोष्ट. दुपार टळून गेली होती, वाटेतल्या काटेपूर्णा नदीला पाणी जेमतेम घोटाभर. सहदेवच्या दोन गाड्या पुढं होत्या. दुसऱ्या गाडीला वेगळा गाडीवान नव्हता, तिच्या बैलांचं दावं पहिल्या गाडीच्या मागं बांधलेलं, तशी आपल्याकडं रीतच होती. गावातला नत्थू आपली गाडी घेऊन मागून येत होता. पहिल्या गाडीतली रुई पेटली. मागचे बैल पेटत्या गाडीलाच बांधलेले. सहदेवनं पुढची जोडी सोडली, आणि मागचं दावं सोडायला आगीत शिरला. बैल वाचले, दोन्ही गाड्यांतली रुई जळून गेली. सहदेव दुसऱ्या दिवशी बोरगावच्या धर्मशाळेत वारला. शेवटपर्यंत तो बैलांचंच विचारत होता, असं नत्थूनं येऊन सांगितलं.

आग कशी लागली? नत्थू म्हणाला, दिसलं नाही काकू, वारा होता, कुठून तरी ठिणगी आली. मैनाबाईचा दीर खुशालराव म्हणाला, त्याचा आता विचार करू नका वयनी. तिनं केला नाही. आपलं पोर हयगय करणारं नव्हतं, एवढं तिला ठाऊक होतं, आणि तिला तेवढंच पुरे होतं.

नऊ घरांच्या वतीनं खुशालराव पेढीवर जायला लागला. पहिल्यांदा गेला तर नदीकाठच्या पाटलाचा पंचनामा आणा म्हणाले. पंचनामा नेला तर शेठ मुंबईला गेलेले. शेठ आले तोवर पावसाळा लागला, आणि पावसाळ्यात पेढीला म्हणे जुनी कामं उघडता येत नाहीत. दसऱ्यानंतर नत्थूची जबानी झाली. नत्थूनं ठिणगीचं सांगितलं, मुनीमानं लिहून घेतलं आणि कागद परत फडक्यात बांधला. नाही कुणी म्हणेना, होही कुणी म्हणेना. माणूस थकून आपसूक घरी बसला की पेढीचं काम झालं, हे त्या कारभाराचं साधं गणित होतं. खुशालराव खरंच थकला. माघात त्यानं सांगून टाकलं, आता जाऊ द्या.

“जाऊ कसं देऊ?” मैनाबाई म्हणाली. “पैसा गेला तं गेला, भाऊजी. पन शेठनं भरून देल्लं म्हंजे माह्या पोराची चूक नोती, हे कागदावर येते. गावाले दिसते. मी येतो तुमच्यासंगं.”

“तुमी नका येऊ वयनी.”

“काहून?”

खुशालराव गाडीचं बघतो म्हणून बाहेर गेला. नत्थूनं गाडी जुंपली. बैल तेच, सहदेवनं सोडवलेले. उजव्या बैलाच्या पाठीवर भाजल्याचा बिनकेसांचा पट्टा होता आणि सबंध वाटभर तो मैनाबाईच्या डोळ्यांसमोर हलत राहिला.

काटेपूर्णेवर तिनं गाडी थांबवायला लावली आणि पदराच्या गाठीतून पुडी काढली. नत्थूनं ती घेतली, गाडीपासून चांगला शंभर पावलं लांब गेला, पाण्याशी उकिडवा बसून कापूर पेटवला, दोन्ही हातांच्या आडोशानं नदीला दाखवला आणि तिथंच पाण्यात सोडला.

“आन् गाडीले?” मैनाबाई ओरडली.

“वारा हाय, काकू.”

आजकालची पोरं आळशी झाली, असं तिच्या मनात आलं. सहदेव असता तर वारा बघत बसला नसता.

पेढीवर त्यांना दोन दिवस ओट्यावर बसवून ठेवलं. तिसऱ्या दिवशी मुनीमानं आत बोलावलं. चंद्रभान त्याचं नाव. मैनाबाईच्या मनात त्याचा राक्षस झालेला होता, पण प्रत्यक्षात निघाला मऊ बोलणारा, पोक आलेला म्हातारा. त्यानं आधी तिला पाणी दिलं. पोराचं वाईट झालं म्हणाला. वर्षभरात तिच्यापुढं सहदेवचं नाव काढणारा हा पहिलाच माणूस.

“एवढी जबानी झाली की शेठपुढं कागद ठेवतो,” चंद्रभान म्हणाला. “मुलाला चिलमीचा नाद होता का, बाई?”

“नाई.”

“दारू?”

“देवाची आन. माह्या घरात तिचा वास बी नाई.”

“म्हणजे मुलगा जपणारा होता.”

“तिले काय इचारता, मुनीमजी,” खुशालराव मध्येच म्हणाला. “बायामानूस. ती घरी होती. तिले काय ठाऊक?”

“बाईंना बोलू द्या.”

मैनाबाईला दिराचा असा राग आला की बस. वर्षभर पोराबद्दल कुणी एक चांगला शब्द बोललं नव्हतं, आणि आता विचारणारा विचारतोय तर हा तिचं तोंड दाबतोय! ती पुढं सरकून बसली. सहदेव कसा जपणारा होता ते तिनं सगळं सांगितलं. बैलांच्या खांद्याला घट्टा पडू नये म्हणून जुवाला चिंध्या कशा गुंडाळायचा, चढावर स्वतः खाली उतरून चाकाला खांदा कसा द्यायचा. आणि जपणाऱ्या माणसाची सगळ्यात मोठी साक्ष तिच्या मते जी होती, ती तिनं शेवटी दिली.

“नदीत त्यानं कदी तशीच गाडी घातली नाई. कितीबी घाई असो. कापूर लावल्याबिगर बैलाचा पाय पान्यात पडू देल्ला नाई त्यानं.”

चंद्रभानचा बोरू थांबला.

“कापूर,” तो म्हणाला. “म्हणजे खाली उतरून, पाण्याजवळ?”

“पान्याजवळ काहून? गाडीवरच उभा राहून. आधी नदीले दाखवाचा, मंग गाडीले ओवाळाचा. म्याच शिकवलं त्याले.”

“त्या दिवशीही?”

“त्या दिवशी बी. चुकाचा नाई तो. मी सांगतो ना तुमाले.”

खुशालरावानं डोळे मिटून घेतले होते. मैनाबाईला वाटलं, पुतण्याच्या आठवणीनं भरून आलं. तिचा राग तिथल्या तिथं विरघळला.

चंद्रभाननं लिहिलेलं वाचून दाखवलं. शब्दन् शब्द तिचाच होता. खाली निशाणी करायची होती. ज्याला सही येत नाही अशा शेतकऱ्याच्या नावापुढं त्या काळी नांगर काढत आणि बाईच्या नावापुढं बांगडी. चंद्रभाननं एक लहानसं गोल वेटोळं काढलं आणि बोरू तिच्यापुढं धरला. मैनाबाईनं आपल्या रिकाम्या मनगटाचा हात पुढं करून त्याला स्पर्श केला. आपण पोरासाठी शेवटी काहीतरी केलं, असं वाटून तिला फार दिवसांनी हलकं वाटलं.

वर्षभर न हललेला कागद त्या दिवशी दिवेलागणीच्या आत हलला. चंद्रभान स्वतः ओट्यावर येऊन खुशालरावाला हलक्या आवाजात सांगून गेला. मैनाबाईकडं त्यानं पाहिलं नाही. मागणं नामंजूर. कारण, गाडीवानाची हयगय.

“हयगय?” मैनाबाई उभी राहिली. “कोनाची? नत्थू, कोनाची म्हनते तो?”

नत्थू भिंतीला टेकून बसला होता. तो एवढा मोठा गडी, पण पोरासारखा रडायला लागला.

“तुमी काहून बोलल्या काकू? मी वर्सभर तोंड शिवून बसलो. पेढीच्या मानसाफुडं खोटं बोललो, ठिनगी म्हनलं.”

“मंग ठिनगी नोती?”

नत्थूनं खुशालरावाकडं पाहिलं. मग नत्थूनं सांगून टाकलं. सहदेव गाडीच्या दांडीवर उभा होता. नदीला कापूर दाखवून झाला. मग तो गाडीला ओवाळायला मागं वळला, आणि तेवढ्यात वारा फिरला. पेटता कापूर बोऱ्याच्या शिवणीतून निघालेल्या रुईवर पडला. डोळ्याचं पातं लवायच्या आत गाडी पेटली.

मैनाबाईनं ते ऐकलं. रडली नाही. तिच्या डोळ्यांपुढं चूल होती, कमरेचा कसा होता, त्यात गाठ मारणारी आपली बोटं होती. ज्याच्यासाठी नवस केले, दिवस उपाशी काढले, त्या पोराला मीच जाळलं. हे तिच्या मनात इतक्या स्वच्छ शब्दांत आलं की तिला स्वतःचीच भीती वाटली. आणि आज परत एकदा, स्वतःच्या तोंडानं, अभिमानानं, त्याच्या नावावर डागही मीच लावला.

ती सरळ आत गेली. चंद्रभान दिवा लावत होता.

“मुनीमजी, तो कागद काढा.”

“बाई, आता काही होणार नाही. शेठची सही झाली.”

“पैसे नाई मांगत मी. हयगय कोनाची म्हून लिवलं तुमी?”

“गाडीवान सहदेव.”

“ते खोडा. तेथी मैनाबाई लिवा. कापूर म्या देल्ला, ओवाळाचं म्या सांगतलं. त्यानं माह्या शब्दाच्या बाहेर काईच केलं नाई. बांगडी काढून देल्ली ना तुमी मंघाशी? ते तेथी काढा. त्याच्या नावाफुडं नको.”

चंद्रभाननं हातातली वात खाली ठेवली. “कागदात तशी जागा नाही हो बाई,” तो म्हणाला. “माल, धनी आणि गाडीवान. गाडीवानाच्या आईसाठी जागा नसते.” त्याला वाईट वाटत होतं, हे खरं. पण कागद त्यानं काढला नाही, हेही तितकंच खरं.

परतीच्या वाटेवर काटेपूर्णा आली. नत्थूनं सवयीनं बैल आवरले आणि मागं न पाहता हात केला. परतीसाठीची पुडी तिच्या पदरात होती. ती द्यावी का न द्यावी हे तिला कळेना. न द्यावी तर सहदेवचा बाप आठवत होता, द्यावी तर सहदेव. बैल पाण्याकडं बघत उभे होते.

“हाक,” ती शेवटी म्हणाली. गाडी पुरती पैलतीराला लागेपर्यंत ती गाडीच्या कडेला घट्ट धरून बसली होती.

गावात आल्यावर तिनं घरात पाऊल टाकलं नाही. ती नऊ घरं चालायला निघाली. प्रत्येक दारात उभं राहून तिला एकच सांगायचं होतं, की तुमचा माल सहदेवनं नाही घालवला, मी घालवला. कागदावर जागा नव्हती तर नव्हती, गावाच्या कानावर तरी जागा होती. पहिलं घर गोदाबाईचं. दोघी एकाच साली भातकुलीत सुना म्हणून आलेल्या. गोदाबाई ओसरीवर भाकरीचं फडकं बांधत होती, कारण तिचा मुलगा पंजाब दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन अकोल्याला निघायचा होता.

मैनाबाईनं उंबऱ्याबाहेर उभं राहूनच सगळं सांगितलं. पेढीवर काय बोलली ते सांगितलं, पैसे बुडाले ते सांगितलं. “कापूर म्या देल्ला होता, गोदे. सहदेवाचं नाव नका घेऊ कोनी.”

गोदाबाईनं फडकं बाजूला ठेवलं. “पैसे बुडाले याचा मले राग आला, खोटं कायले बोलू,” ती म्हणाली. “पन कापराचं तं आमाले ठाऊक हाय.”

“कवापासून?”

“पयल्या दिसापासून. नत्थूनं पारावर सांगतलं होतं. साऱ्या गावानं ठरवलं, मैनीले कळू द्याचं नाई. ती वाचनार नाई म्हने.” गोदाबाईनं डोळ्याला पदर लावला. “म्हून तं मी इहिरीवर थांबत नोती. तू काई इचारलं, आन् माह्या तोंडातून निंघून गेलं तं? सहदेवाले कोन नावं ठेवीन? त्यानं बैल सोडले बाई, सोताचा जीव देल्ला.”

मैनाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. म्हणजे वर्षभर गाव तिच्यापासून पळत होतं ते दोषानं नाही, दयेनं. सहदेवचं नाव गावात स्वच्छच होतं. ते धुवायला म्हणून ती अकोल्याला गेली आणि तेवढ्या एका कागदावर कायमचं काळं करून आली. घरी बसली असती तर काहीच झालं नसतं. कुणी तिला एक शब्द बोललं असतं, तरी झालं नसतं.

फडक्याशेजारी एक लहानशी पुडी होती. मैनाबाईची नजर तिच्यावर गेली, आणि गोदाबाईनं ती पटकन उचलून मुठीत झाकली.

“कापूर हाय?”

“हाय. नदी तं हायच ना, बाई.”

“त्याले म्हन, गोदे,” मैनाबाई म्हणाली. “गाडीवर नको.”

“म्हनलं. खाली उतरून, दूर जाऊन, पान्याजवळ. आन् नुस्तं नदीले.” गोदाबाईनं पुडी फडक्यात बांधली. मग हळूच म्हणाली, “गाडीले आता कोनीच ओवाळत नाई. वर्स झालं. गावातली एकबी माय पोराले तसं सांगत नाई.”

मैनाबाई तिथंच उंबऱ्यावर खाली बसली आणि वर्षभरात पहिल्यांदा मोठ्यानं रडली. आवाज विहिरीपर्यंत गेला. बायांनी भरलेल्या घागरी तिथंच ठेवल्या आणि एकेक करून त्या गोदाबाईच्या दारात येऊन तिच्याजवळ बसल्या.